बक्कलवरचा देव

कुणी कुणी विचारतं की खरा श्रद्धाळू सैनिक दुसऱ्याचा देश बळकावणाऱ्या फौजेत राहूच कसा शकतो. मला दुसऱ्या महायुद्धातला जर्मन लष्करी अधिकारी विल्म होझेनफेल्ड आठवला. पेशाने शाळामास्तर, घरचा कॅथलिक. आणि हो, आधी पक्का नाझी समर्थक. १९३५ साली पक्षात नाव घातलेलं. हे सहसा कुणी सांगत नाही, पण त्याशिवाय पुढचं कळत नाही.

१९३९ मध्ये पोलंडला पोचल्यावर पाबियानित्से इथे युद्धकैद्यांची छावणी त्याच्याकडे होती. तिथल्या कैद्यांना तो घरच्यांशी भेटू देऊ लागला. पुढे वॉर्सात पोलिश शिकला, जर्मन गणवेशातच पोलिश लोकांच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जायचा. जर्मन भूदलाच्या पट्ट्याच्या बक्कलवर कोरलेलं असायचं, 'देव आमच्यासोबत'. तोच पट्टा कमरेला बांधून, ज्यांचा देश गिळला त्यांच्याच शेजारी गुडघे टेकायचे! डायरीत ज्यूंच्या कत्तलीबद्दलची शरम लिहायचा. त्या वह्या घरी पाठवायचा. सापडल्या असत्या तर मान गेलीच असती.

नोव्हेंबर १९४४ मध्ये पडक्या इमारतीत लपलेला पोलिश ज्यू पियानोवादक श्पिलमान त्याला सापडला. त्याला वाजवायला लावलं, मग पाव, जॅम, स्वतःचा ओव्हरकोट पुरवला. पण फौज सोडली नाही, हेही खरं. त्याला संत म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सोव्हिएत कैदेत २५ वर्षांची शिक्षा झाली, १९५२ मध्ये तिथेच गेला. वाचवलेल्यांनी केलेल्या रदबदल्या कामी आल्या नाहीत.