‘चिवट दुखणं’ की ‘जुनाट दुखणं’? आणि ‘औषधी गांजा’ म्हणावं का?

माझ्या डाव्या पायात ७ वर्षांपासून नसांचं, म्हणजे मज्जातंतूंचं दुखणं आहे. गोळ्या थकल्या तेव्हा डॉक्टरांनी कॅनाबिसचं, म्हणजे गांजाच्या झाडाचं तेल लिहून दिलं. रात्री जिभेखाली थेंब घेते, झोप लागते. आता हे आईला सांगायचं आहे आणि दोन शब्दांपाशी अडले आहे. ‘क्रॉनिक पेन’ला घरात काय म्हणावं? आणि या औषधाला? ‘गांजा’ म्हटलं तर तिच्या पोटात गोळा येईल, नुसतं ‘तेल’ म्हटलं तर मी तिच्यापासून लपवल्यासारखं होईल.

*

‘जुनाट’ नको. जुनाट म्हटलं की जीर्ण, जोर ओसरलेलं असं काही डोळ्यांसमोर येतं; तुमच्या दुखण्याचा जोर कुठे ओसरलाय? वैद्यकात ३ महिन्यांहून जास्त टिकलेली किंवा परत परत येणारी वेदना क्रॉनिक धरतात. कागदावर ‘दीर्घकालीन वेदना’ ठीक आहे, बोलताना ‘चिवट दुखणं’ म्हणा.

खरं तर आईला दुखण्याची जात सांगा. त्यासाठी मराठीत शब्दांची चंगळ आहे. गळू ठसठसतं, दाढ ठणकते, पोटात कळ येते, चालून चालून पिंढऱ्यांना रग लागते. नसेचं दुखणं सणकतं, चरचरतं, आग होते, मुंग्या येतात. डॉक्टरही हेच खोदून विचारतात, कारण नसेच्या दुखण्याला नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या बहुतेक वेळा लागू पडत नाहीत.

*

दुसऱ्या शब्दाबद्दल. गांजा, भांग आणि चरस एकाच झाडाचे, पण अर्थ वेगळे : मादी झाडाचा फुलोरा तो गांजा, पानांची ती भांग, राळ म्हणजे चरस. त्यामुळे सौम्य वाटतं म्हणून ‘औषधी भांग’ म्हणणं मला चुकीचं वाटतं. आयुर्वेदातला ‘विजया’ हा शब्द देखणा आहे, पण आईला त्याचा अर्थ समजावताना पुन्हा ‘गांजा’वरच यावं लागेल. मी सरळ ‘औषधी गांजा’ म्हणेन. बदनामी ‘गांजेकस’ या शब्दात आहे. त्यातला ‘कस’ फारसीतल्या ओढण्याच्या धातूवरून आला. तुम्ही काही ओढत नाही.

आईंना आणखी एक शब्द सांगा. या झाडातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं मुख्य द्रव्य, १९६४ साली वेगळं काढलं गेलं. ते शरीरात ज्या ठिकाणी जाऊन काम करतं, तिथेच काम करणारा आपल्या शरीराचा स्वतःचा रेणू १९९२ साली सापडला. त्याचं नाव ‘आनंदामाइड’, संस्कृत ‘आनंद’वरून ठेवलेलं.

*

‘औषधी’ या विशेषणावर फार भार टाकू नका, एवढीच विनंती. माझ्या वडिलांना असंच औषध होतं. तोंडाला कोरड, चक्कर, दिवसा गुंगी; गाडी चालवणं बंद केलं. दुखणं गेलं नाही, रात्रीचं सोसण्याइतपत झालं. आम्ही घरात ‘गुण आला’ कधीच म्हटलं नाही, ‘उतार पडला’ म्हणायचो. गुण आला म्हटलं की लोक पुढच्या आठवड्यात विचारतात, मग आता औषध कशाला?

*

‘उतार’! हाच शब्द हवा होता. काल आईशी बोलले. ‘औषधी गांजा’ म्हटल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, “सवय लागेल का गं?” मी म्हटलं, लागू शकते, म्हणून मात्रा डॉक्टरच ठरवतात, मी एक थेंबही वाढवत नाही. मग तिने किती उतार पडतो ते विचारलं, आणि आम्ही अर्धा तास नुसतं पायाबद्दल बोललो. ७ वर्षांत पहिल्यांदा.

एक राहिलं. मधेच ३-४ दिवस दुखणं एकदम वाढतं, त्याला डॉक्टर ‘फ्लेअर-अप’ म्हणतात. त्याला काय म्हणू?

*

दुखण्याने उचल खाल्ली.