पहिले उपकरण कोणते घ्यावे: ऑसिलोस्कोप की लॉजिक अ‍ॅनलायझर?

प्रश्न:
ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला बीएमई२८० हा सेन्सर आय-टू-सीने (दोन तारांवरून चिपांमध्ये माहिती पाठवण्याची पद्धत) जोडून गच्चीवरील तापमान व आर्द्रता नोंदवण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. सेन्सर ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करण्याच्या पाटीवर) असताना नोंदी व्यवस्थित येतात. परंतु दोन मीटरच्या केबलने तो बाहेर नेला की मधूनच प्रतिसाद बंद पडतो. मल्टिमीटर दोन्ही तारांवर ३.३ व्होल्ट दाखवतो, त्यामुळे त्यातून काही उलगडा होत नाही. आठ चॅनेलचा यूएसबी लॉजिक अ‍ॅनलायझर (तारांवरचे शून्य-एकचे संकेत नोंदवणारे उपकरण) स्वस्तात मिळतो, ऑसिलोस्कोप (बदलत्या व्होल्टेजचा आलेख दाखवणारे उपकरण) मात्र खिशाला जड आहे. आधी काय घ्यावे?

उत्तर १:
अ‍ॅनलायझर घ्यावा. २४ मेगाहर्ट्झ सॅम्पलिंगचे (सेकंदाला २.४ कोटी नमुने घेणारे) साधे उपकरण ४०० किलोहर्ट्झच्या आय-टू-सीला पुरून उरते. पल्सव्ह्यू या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ०x७६ हा सेन्सरचा पत्ता गेला का आणि त्यावर सेन्सरने पोच दिली का, हे थेट वाचता येते.

उत्तर २:
पोच आली नाही हे त्यातून कळेल, का आली नाही हे कळणार नाही. आय-टू-सीमध्ये चिप तार फक्त खाली खेचते. वर नेण्याचे काम पुल-अप रोधाचे असते आणि केबलची धारिता (वीजभार साठवण्याची क्षमता) ते लांबवते. पुल-अप १० किलोओहमचा व एकूण धारिता २०० पिकोफॅरड धरली, तर चढकाळ (व्होल्टेज खालून वर जायला लागणारा वेळ) सुमारे १.७ मायक्रोसेकंद येतो, आणि आय-टू-सीच्या १०० किलोहर्ट्झच्या वेगालाही मर्यादा आहे १ मायक्रोसेकंदाची. ही रेंगाळणारी चढण स्कोपच्या पडद्यावर स्पष्ट दिसते. अ‍ॅनलायझर तिचे शून्य किंवा एक करून मोकळा होतो. अर्थात, खरेदीपूर्वी दोन्ही तारांना ४.७ किलोओहमचा एकेक रोध ३.३ व्होल्टकडे जोडून पाहावा. कदाचित तेवढ्यानेच भागेल.

उत्तर ३:
वरील मताशी मी सहमत आहे. स्कोप घ्यायचाच असेल तर या कामाला दोन चॅनेल पुरेत. रिगोल डीएस१०५४झेडसारख्या चार चॅनेलच्या स्कोपमध्येही एका चॅनेलवर मिळणारे सेकंदाला १ अब्ज नमुने चारही चॅनेल चालू करताच २५ कोटींवर येतात. प्रोब (स्कोपची मोजणीची तार) १०x म्हणजे संकेत दहापट कमी करणाऱ्या खटक्यावरच ठेवावा, कारण १x वर प्रोबच्या केबलची धारिता तारेवर पडते आणि जी चढण मोजायची तीच बिघडते. शिवाय टेबलावरच्या स्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप घरच्या अर्थिंगला जोडलेली असते. ती २३० व्होल्टच्या फेजला चुकूनही लावू नये.