मोडी कागद, नांगर, जातं: पावसाआधी खोलीत काय करायचं?

गावठाणकर

बोरिवलीकडच्या एका गावठाणातल्या इतिहास मंडळाला तळमजल्यावरची १२ बाय १५ फुटांची खोली मिळाली आहे. जमलेलं सामान असं: मोडी कागदांच्या दोन ट्रंका (काहींवर पांढरट बुरशी), फाळासकट नांगर, जू, जातं, लाकडी पायली (धान्याचं माप), तांब्याचा हंडा आणि एक इरलं (पावसात डोक्यावर घ्यायचं कामट्यांचं आच्छादन). काही सभासद म्हणतात कागद लॅमिनेट करा, लाकडाला तेल चोळा, हंडा लखलखीत करा. पावसाला महिना उरलाय. आधी काय हाती घ्यावं? आणि कागदांवर 'सन' लिहिलंय ते नेमकं कुठलं साल?

कसरमार

लॅमिनेशन आजच थांबवा. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक कागद न फाडता निघत नाही, आणि आत अडकलेला ओलावा आतच राहतो. सेलोटेप, फेव्हिकॉल हेही नको. जुनी टेप असेल तर ओढू नका, तशीच राहू द्या.

बुरशी आलेले कागद वेगळ्या पिशवीत काढा. कोरड्या, हवेशीर जागी सावलीत पसरा. ऊन नको, कागद पिवळा पडून कडक होतो. पूर्ण वाळल्यावरच गॅलरीत किंवा अंगणात, एन-९५ मास्क लावून, मऊ ब्रशने बुरशी बाहेरच्या दिशेला झाडा. ओल्यावर घासलं तर ती कागदात मुरते. ओल्या फडक्याने तर मुळीच पुसू नका. जुनी शाई बहुतेक काजळ आणि डिंकाची असते, डिंक पाण्यात विरघळतो आणि अक्षर पसरतं.

नंतर बांधणी. जुन्या दप्तरांत कागद 'रुमालात' बांधत, ती पद्धत अजूनही चांगली. फक्त लाल कापड घेऊ नका, ओल लागली की रंग उतरतो. मांजरपाट घ्या आणि खळ पूर्ण जाईपर्यंत दोन-तीनदा गरम पाण्यात धुवा. ही पायरी सगळे गाळतात, आणि कसर (कागद खाणारा किडा) नेमकी त्या खळीवर येते. गठ्ठा सैल बांधा. डांबरगोळ्या टाकू नका. वेखंड ठेवायचंच तर पुरचुंडीत, कागदाला न लागता.

सुतारपक्षी

औजारांबद्दल. तेल नको. जवसाचं तेल काही महिन्यांत चिकट होतं, धूळ धरतं आणि लाकूड काळं पाडतं. आधी नांगर पांढऱ्या कागदावर आठवडाभर ठेवा. बारीक भुसा पडला तर आत किडा जिवंत आहे, तो नांगर बाकी सामानापासून दूर हलवा. फाळाचा सुटणारा गंज कोरड्या ब्रशने काढा, मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. मेण लाकडी भागावर जाऊ देऊ नका. घट्ट बसलेला काळपट थर खरवडू नका.

हंड्याला चिंच-मीठ लावलंत तर दर वेळी तांब्याचा एक पापुद्रा जातो, कासाराच्या ठोक्यांच्या खुणा आणि कोरलेलं नावही हळूहळू पुसतं. कोरड्या सुती कापडाने पुसा, पुरे. जात्याला नव्याने टाकी लावून (छिन्नीने खाचा पाडून) घेऊ नका. दळणाने झिजलेला दगड हाच त्याचा इतिहास. वरची तळी उचलायला दोन माणसं लागतात, आणि माकणीचं (वरच्या तळीच्या भोकात बसवलेल्या तुकड्याचं) लाकूड बहुतेक कुजलेलं असतं, ते ओढू नका. इरलं खिळ्याला टांगू नका, कामट्या तिथेच तुटतात. खाली कागदाच्या गोळ्यांचा आधार देऊन पालथं ठेवा.

पायलीची धारकता मोजा, पण पाणी ओतून नाही, लाकूड फुगतं. मोहरी भरा, फळीने शीग (काठावरचा ढीग) उतरवा, तीच मोहरी लिटरच्या मापाने मोजा. मग शीग ठेवून पुन्हा. देणाऱ्याला आवर्जून विचारा की त्यांच्याकडे धान्य शिगेने मोजत की सपाट. ४ शेरांची पायली आणि २० मणांची खंडी हे ठरलेलं, पण मणाच्या पायल्या सगळीकडे सारख्या नव्हत्या. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली तेव्हा ही गणितं कामातून गेली, आता ती माणसांच्या आठवणीतच सापडतील.

टाकबोरू

सनाबद्दल. साष्टी (बोरिवली ज्यात येते ते बेट) १७३७ ते १७७४ मराठ्यांकडे होती. त्या काळातला कागद असेल तर 'सन' बहुधा शुहूर (मराठ्यांच्या कागदांतली कालगणना), आणि तो अरबी संख्यानामांत लिहिलेला असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १०००, म्हणजे ११६१. हे वर्ष जूनच्या सुरुवातीला मृगापासून चालू होतं. जून ते डिसेंबरमधल्या तारखेला ५९९ मिळवा, जानेवारी ते मेला ६००. पानिपतची लढाई जानेवारी १७६१ मध्ये झाली, म्हणजे ११६१ मध्ये, हिशोब जुळतो.

फसली (महसुली वर्ष) असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवा, शके असेल तर ७८ (जानेवारीपासून वर्षअखेरीपर्यंत ७९). फसलीला शुहूर समजलं तर नऊ वर्षांचा घोटाळा होतो, आणि नंतर तो कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून यादीत आधी मूळ शब्द जसेच्या तसे, मग शेजारी इसवी सन. मुद्रांकाचा कागद असेल तर बहुतेक वेळा काम सोपं होतं.

मोडी शिकायचं असेल तर राज्य पुराभिलेख खात्याचे वर्ग होतात. त्यांचं मुंबईचं दप्तर फोर्टात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. आणि एक: बोरिवली १९५७ मध्ये बृहन्मुंबईत आली. त्याआधीचे जमिनीचे कागद शोधताना ठाणे जिल्ह्याचं दप्तर विसरू नका.

गावठाणकर

कसर जिवंत दिसली तर? आणि खोलीत एसी लावावा का? दिवसा चालवून रात्री बंद करायचा विचार आहे.

कसरमार

एसी असा लावण्यापेक्षा नसलेला बरा. रात्री बंद केला की थंड कागदांवर दमट हवा येऊन बसते, सकाळी रुमाल ओलसर लागतो. डिह्युमिडिफायर लावा, दारं-खिडक्या बंद, चोवीस तास, टाकी रोज रिकामी. शेजारी शंभर-दोनशे रुपयांचा नव्हे, जरा बरा आर्द्रतामापक ठेवा. ६५ टक्क्यांच्या वर काटा टिकला की बुरशी येणारच. ५५ च्या आसपास राहिला तर निवांत. कपाट बाहेरच्या भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर पुढे आणि जमिनीपासून वर. वाळवीची माती-नळी तशी लगेच दिसते.

जिवंत कसरीला डीप फ्रीझर. गठ्ठा कोरडा हवा, पॉलिथिनमध्ये हवा काढून सीलबंद, उणे २० अंशांवर एक आठवडा. घरगुती फ्रीझर उणे १८ वरच थांबत असेल तर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर दव कागदावर बसेल.

सुतारपक्षी

हे सगळं करण्याआधी एक काम, नाहीतर पुढची मेहनत वाया. प्रत्येक वस्तूला क्रमांक: वर्ष, देणगी, वस्तू, म्हणजे २०२५.३.१. कागदावर मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलने. लाकडावर आधी पॅरालॉइड बी-७२ चा (एक ॲक्रिलिक राळ) पारदर्शक थर, त्यावर शाईने क्रमांक, वर पुन्हा थर, म्हणजे हवा तेव्हा ॲसिटोनने निघतो. इरल्याला दोऱ्याने चिठ्ठी. रजिस्टरात देणाऱ्याचं नाव, वस्तू कुठल्या घरातली, शेवटी कधी वापरली, आणि दान की उसनी, यावर सही. 'उसनी' हा रकाना विसरलात तर पाचेक वर्षांनी देणाऱ्याचा पुतण्या नांगर मागायला येईल तेव्हा दाखवायला काहीच नसेल.