घोटून दाढी हवी, तर पाती वाढवायची की फेस सुधारायचा?

निर्झर

माझं मत आधीच सांगून टाकतो. दाढी किती घोटून होणार, हे रेझर गालाला लागायच्या आधीच बरंचसं ठरलेलं असतं. केस किती भिजले, फेस कसा झाला आणि तो कातडीवर ओला किती वेळ टिकला, यावर. पाती दोन की पाच हा त्यानंतरचा मुद्दा. तरीही रेझर घेताना आपण पाती मोजतो आणि क्रीम मात्र वासावर उचलतो.

दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो. पाणी शोषलं की तो फुगतो, मऊ पडतो आणि कापायला खूपच कमी जोर लागतो. मात्र त्याला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. पाणी कोमट असेल तर काम लवकर होतं. तोंडावर पाण्याचा हबका मारला, लगेच फेस फासला आणि लगेच रेझर ओढला, तर केस आतून कोरडाच असतो. अशा केसावर कितीही पाती चालवा, तो कापला जाण्याआधी ओढला जातो आणि डोळ्यांत पाणी येतं.

क्रीमने दोन कामं करायची असतात: केसात शिरलेलं पाणी धरून ठेवायचं, आणि पातं व कातडी यांच्यामध्ये बुळबुळीत थर द्यायचा. ट्यूबमधलं ब्रशने लावायचं क्रीम म्हणजे मुख्यतः स्टिअरिक ॲसिड आणि नारळाच्या तेलातली फॅटी ॲसिडं यांचा पोटॅशियमवाला साबण, जोडीला ग्लिसरीन. ब्रश फिरवताना त्यात थोडं थोडं पाणी मिसळत जातं, म्हणून तो फेस जड आणि ओला होतो. डब्यातून फवाऱ्याने येणारा फोम वायूने फुगलेला असतो. दिसायला भरपूर, पण त्यात बरीचशी हवाच. गालाच्या एका बाजूची दाढी होईपर्यंत दुसऱ्या बाजूचा फोम सुकू लागतो.

ब्रशने केलेला फेस जमला का, हे बघायची सोपी खूण: ब्रश सरळ वर उचलला की फेसाचं टोक किंचित वाकायला हवं आणि पृष्ठभागावर चकाकी हवी. टोक ताठ उभं राहिलं तर फेस अजून कोरडा आहे, आणखी थेंबभर पाणी घाला. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालंय, घोटत राहा.

किंग कँप जिलेट यांना पातं बदलता येणाऱ्या रेझरचं, म्हणजे सेफ्टी रेझरचं, पेटंट १९०४ साली मिळालं. दोन पात्यांचं कार्ट्रिज (पाती आतच बसवलेलं, अख्खंच बदलायचं रेझरचं डोकं) बाजारात आलं १९७१ साली. मधली सगळी वर्षं लोकांनी एकाच पात्याने दाढी केली, आणि त्यांचे गाल काही खरखरीत राहिले नाहीत.

यंत्रमित्र

फेसाबद्दल सगळं मान्य. निष्कर्षाशी साफ असहमत.

पाती वाढवण्यामागे एक ठोस कारण आहे. पहिलं पातं केसात रुततं, तो कापताना थोडा बाहेर खेचतं. केस मुळाशी परत जायला क्षणभर वेळ घेतो. तेवढ्यात मागचं पातं येऊन त्याला आणखी खाली कापतं. उरलेला खुंट मग कातडीच्या पातळीखाली जातो. दाढी दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढते, म्हणजे केस पृष्ठभागाच्या जराशा खाली कापला गेला तरी तो पुन्हा हाताला लागायला काही तास जादा जातात. संध्याकाळी गालावर हात फिरवा, फरक तिथे कळतो. एकट्या पात्याला हे एका हातात, म्हणजे रेझर एकदाच ओढून, जमत नाही.

शिवाय पाती जवळजवळ बसवलेली असली की जोर वाटला जातो आणि पात्यांमधल्या फटीत कातडी कमी फुगते. २००६ मध्ये पाच पात्यांचं कार्ट्रिज आलं, त्याच्या रचनेत या अंतराचा विचार होता. डोकं वळतं, त्यामुळे जबड्याच्या कडेवरही कोन बराचसा सांभाळला जातो. सेफ्टी रेझरमध्ये तो तीसेक अंशांचा कोन तुमच्या मनगटाने धरायचा असतो, तोही सकाळच्या घाईत. जुन्या काळी लोकांचे गाल गुळगुळीत होते हे खरं असेल, पण त्यासाठी ते दोन-तीन वेळा फेस लावून पुन्हा पुन्हा पातं फिरवत होते.

समिधा

तुम्ही दोघं एक गोष्ट गृहीत धरताय: केस जितका खाली कापला तितकं चांगलं. माझ्या घरात याच समजुतीपायी एका तरुण मुलाचा गळा वर्षानुवर्षं पुळ्यांनी भरलेला होता, म्हणून मी हे तळमळीने लिहितेय.

कातडीखाली कापलेल्या केसाला तिरकं, अणकुचीदार टोक येतं. केस कुरळा असेल तर वाढताना तो बाहेर यायच्या ऐवजी बाजूच्या कातडीत शिरतो, किंवा बाहेर येऊन वळतो आणि परत आत घुसतो. शरीर त्याला परकी वस्तू समजतं. लाल फोड, खाज, पुढे काळे डाग. वैद्यकात याला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात आणि घट्ट कुरळ्या केसांच्या लोकांत तो खूपच जास्त आढळतो. यंत्रमित्र ज्या ओढून-कापण्याचं कौतुक करताहेत, तेच इथे दुखण्याचं मूळ आहे. अशांना एकाच पात्याचा रेझर वापरायला, कातडी न ताणायला, किंवा ट्रिमरने अगदी बारीक खुंट ठेवायला सांगतात.

त्वचारोगतज्ज्ञांच्या अमेरिकन अकादमीचा सर्वसाधारण सल्ला सगळ्यांच्याच कामाचा आहे: आंघोळीनंतर दाढी करा, केस वाढतात त्याच दिशेने रेझर चालवा, प्रत्येक हातानंतर तो धुवा, आणि पाचसात दाढ्यांनंतर पातं बदला. घोटून दाढी हे सौंदर्याचं माप असेल, त्वचेच्या आरोग्याचं नाही.

यंत्रमित्र

@समिधा, ज्यांना हा त्रास होतो त्यांनी पाच पात्यांच्या वाटेला जाऊ नये, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. पण धाग्याचा प्रश्न घोटून दाढी कशाने होते हा आहे. ज्यांचे केस सरळ आहेत आणि कातडी सोशिक आहे, त्यांना तुम्ही उगाच घाबरवताय.

आडवाटे

मी लोकांच्या दाढ्या करतो, तोच माझा व्यवसाय. दोघांचाही मुद्दा ऐकला. माझ्या हाताखालून गेलेल्या चेहऱ्यांवरून सांगतो, सगळ्यात जास्त फरक दिशेने पडतो.

गालावर केस बहुतेक खाली वाढतात. गळ्यावर मात्र कुणाचे वर, कुणाचे कानाकडे, कुणाच्या तर घाटीच्या दोन्ही बाजूंना भोवरेच असतात. दाढी दीड-दोन दिवसांची असताना बोटांची टोकं चारही दिशांना फिरवून बघा. जिकडे बोट सरकतं ती सुलटी दिशा, जिकडे अडतं ती उलटी. आपल्याच गळ्याची ही ओळख नसलेली माणसं मला रोज भेटतात, आणि मग रेझरला किंवा क्रीमला दोष देतात.

पहिला हात सुलटा. त्यात गुळगुळीतपणा शोधायचाच नाही, फक्त लांबी कमी करायची. पुन्हा फेस, मग आडवा हात, गालाकडून नाकाच्या दिशेने. बहुतेकांनी इथे थांबावं. तिसरा उलटा हात फक्त जिथे कातडी सोसते तिथे, आणि तोही बोटभर लांबीचे छोटे हात मारून. जोर अजिबात नाही. जड डोक्याचा सेफ्टी रेझर असेल तर त्याचं स्वतःचं वजन पुरतं. फेस नसलेल्या जागेवर, 'एवढंच राहिलंय' म्हणत परत रेझर फिरवणं ही चूक जवळजवळ सगळेच करतात, आणि जळजळ तिथेच सुरू होते.

समिधाताई कातडी ताणू नये म्हणतात, ते फोड येणाऱ्यांसाठी बरोबर आहे. बाकीच्यांच्या जबड्याखालची सैल कातडी दुसऱ्या हाताने जरा सपाट केल्याशिवाय काप लागल्यावाचून राहत नाही. ताणणं आणि सपाट करणं यात फरक असतो. लागलंच तर ओल्या जागेवर तुरटी फिरवा. बारीक रक्त थांबतं आणि कुठे जास्त घासलं गेलंय ते झोंबण्यावरून कळतं.

ऋजुता

दाढीच्या धाग्यात पायांबद्दल बोलते, कारण निर्झर यांचा मुद्दा तिथे चोख सिद्ध होतो. आंघोळीच्या शेवटी पायांवरून रेझर फिरवला तर त्याच जुन्या पात्याने काम सफाईदार होतं. आधी, कोरड्या पायांवर नुसता फोम लावून केलं तर खुंट राहतात आणि नडगीवर लाल ठिपके उठतात. केस भिजण्याचा हा सरळ परिणाम.

पण रेझर मी वळत्या डोक्याचाच घेणार. गुडघा आणि घोट्यापाशी सेफ्टी रेझरचा कोन सांभाळणं म्हणजे अकारण धोका. काखेत तर दिसतही नाही नीट.

आणि कुणी 'वस्तरा लावला की केस जाड येतात' म्हणायच्या आत लिहून ठेवते: अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ सालीच दाढीच्या केसांवर मोजमापं घेऊन दाखवलं होतं की तसं होत नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून राठ लागतं, इतकंच.

वाटसरू

इलेक्ट्रिक शेव्हरचं नावही नाही? जाळीवाला असो की गोल फिरत्या पात्यांचा, पातं कातडीला टेकतच नाही, मध्ये धातूची पातळ जाळी असते. त्यामुळे दाढी ब्लेडइतकी खाली जात नाही, हे मान्य. पण काप नाहीत, फेस नाही. आणि जुन्या पद्धतीच्या शेव्हरला केस कोरडा आणि ताठ हवा असतो. म्हणजे भिजवण्याचा तुमचा नियमच इथे उलटा होतो. तोंड धुवून लगेच शेव्हर लावणाऱ्यांची तक्रार म्हणूनच असते की काहीच निघत नाही.

पारिजात

पात्यांच्या संख्येपेक्षा पात्याची धार हा खरा विषय आहे आणि त्यावर कोणी नीट बोललेलं नाही.

केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ. मग पातं बोथट का होतं? अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून हे पाहिलं. धार सगळीकडून सारखी झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात. केस वाकून पात्याला तिरका भिडला आणि पोलादाची घडण तिथे एकसारखी नसली की टवका जातो. म्हणजे नुसतं पुसून कोरडं ठेवल्याने गंज टळेल, टवके टळणार नाहीत. पातं वेळेवर बदलणं हाच उपाय.

इथे कार्ट्रिज मार खातं. ते महाग, म्हणून लोक ते बोथट झाल्यावरही ओढत राहतात. पात्यांजवळची बुळबुळीत पट्टी पांढरी पडली, गालावर खरखर आवाज येऊ लागला, तरी 'अजून दोन दाढ्या निघतील'. सेफ्टी रेझरचं दुधारी पातं स्वस्त, जीव अडकत नाही. आणखी एक: तीन-चार दिवसांची वाढलेली दाढी असेल तर पाच पात्यांच्या फटीत केस आणि फेस अडकून बसतो, नळाखाली धरूनही सगळा निघत नाही. मग पाचातली तीन पाती नुसती घासतात.

यंत्रमित्र

वाढलेल्या दाढीचा मुद्दा बिनतोड आहे, त्याला आधी ट्रिमर लावावा. पण स्वस्त पात्याची दुसरी बाजूही लिहा. सेफ्टी रेझर सगळे एकसारखे नसतात. पातं कडेबाहेर किती येतं, त्याच्या आणि खालच्या पट्टीत फट किती, यावर रेझर सौम्य की आक्रमक ते ठरतं. नवख्या माणसाने कौतुकाने मोठ्या फटीचा रेझर उचलला की हनुवटीवर काप ठरलेला. कार्ट्रिजमध्ये हे निर्णय बनवणाऱ्याने आधीच घेतलेले असतात, आणि तेच मला हवंय.

निर्झर

आडवाटे यांच्या दिशेच्या मुद्द्याने माझं म्हणणं अपुरं होतं ते भरलं गेलं. तरी मूळ दावा कायम आहे, आणि तो घरी तपासता येतो. रेझर एकच, पातं नवं. एका गालाला फवाऱ्याचा फोम लावून लगेच दाढी. दुसऱ्या गालाला तीन मिनिटं ओला कोमट टॉवेल, मग ब्रशने केलेला फेस. दोन्हीकडे हात तेवढेच, दिशा तीच. पुढच्या वेळी गाल बदलायचे, कारण उजव्या हाताच्या माणसाचा एक गाल नेहमीच बरा होतो. निकाल लगेच बघू नका. संध्याकाळी कानाखालच्या जबड्याच्या कोपऱ्यावर उलटं बोट फिरवा.

यंत्रमित्र

मग माझाही प्रयोग जोडीला करा: दोन्ही गालांना तोच तुमचा उत्तम फेस, एकीकडे एकच पातं, दुसरीकडे पाच, आणि दोन्हीकडे फक्त एक सुलटा हात. एका हातात कोण जास्त घोटतं ते संध्याकाळी सांगा.

समिधा

करा दोन्ही. फक्त संध्याकाळी थांबू नका. आत वळलेला केस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसायला लागतो, तेव्हा उजेडात आरसा धरून गळ्याच्या दोन्ही बाजू बघा आणि तेही इथे लिहा.