ईएसओ: ट्रेडिंग गिल्डची आठवड्याची फी कितपत रास्त? सल्ला हवा

औंधचा_आर्गोनियन

एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन (ईएसओ) हा ऑनलाइन गेम, पीसी, युरोप सर्व्हर. पुण्यातला आमचा आठ-नऊ जणांचा कंपू आहे. माल बऱ्यापैकी साठतो (ड्रू वॅक्स, टेम्परिंग अलॉय, मोटिफची पानं, फर्निचरचे प्लॅन), पण विकायला दुकान नाही. मोर्नहोल्ड शहरात ट्रेडर (गिल्डचा माल सगळ्यांना विकणारा दुकानदार, आठवड्याच्या बोलीने मिळतो) असलेल्या एका गिल्डची, म्हणजे खेळाडूंच्या संघाची, जाहिरात दिसली. त्यांच्या अटी: आठवड्याला ५ लाखांची विक्री, नाहीतर ३५,००० सोनं (गेममधलं चलन). शिवाय सोडतीची पाच तिकिटं प्रत्येकाला सक्तीची, एक तिकीट १,००० ला. पैसे गिल्डमास्तरला मेलने पाठवायचे.

गेम आधीच ८ टक्के कापतो, त्यावर हे. रास्त आहे का? गिल्ड निवडताना नेमकं काय बघायचं? की सरळ आपलंच काढावं?

हिशोबनीस_नारायणपेठ

आधी ते ८ टक्के सोडवू, निम्मं भांडण तिथेच मिटतं.

वस्तू दुकानात मांडताना किमतीच्या १ टक्का लगेच जातो. वस्तू विकली गेली नाही किंवा तुम्हीच काढून घेतली, तरी तो परत मिळत नाही. विक्री झाली की ७ टक्के कापतात. त्यातले साडेतीन गिल्डच्या बँकेत जातात, उरलेले साडेतीन गेममधून कायमचे नाहीसे होतात. हे मुद्दाम केलेलं आहे, नाहीतर सोनं साठत जाऊन महागाई होईल. म्हणजे १ लाखाची वस्तू विकलीत तर मांडताना १,००० गेले, मेलमध्ये ९३,००० आले, गिल्डला ३,५०० मिळाले.

थोडक्यात, विकणारा सभासद गिल्डला आधीच वर्गणी देतोय. ‘इतकी विक्री नाहीतर इतकी फी’ अशी अट दिसली की विक्रीच्या आकड्याचे साडेतीन टक्के काढायचे. तुमच्या बाबतीत ५ लाखांचे १७,५००. दोन्ही वाटांनी गिल्डच्या पदरात सारखंच पडावं, ही सरळ कसोटी. ते मागतायत ३५,०००, म्हणजे बरोबर दुप्पट. थोडं जास्त घेतलेलं मी समजू शकतो, कारण माल मांडणारा गिऱ्हाईक खेचतो, नुसते पैसे भरणारा खेचत नाही. सव्वापट, फार तर दीडपट. दुपटीला कारण विचारायचं.

आता बोलीचा हिशोब. गिल्डमध्ये जास्तीत जास्त ५०० सभासद बसतात. समजा ट्रेडरसाठी आठवड्याला १ कोटी बोली लावावी लागते आणि गिल्डची विक्री १० कोटी आहे. साडेतीन टक्क्यांनी ३५ लाख आले, तूट ६५ लाख. पाचशेंनी वाटून घेतली तर माणशी १३,०००. पण पाचशेच्या पाचशे कधीच भरत नाहीत. चारशेंनीच भरलं तर १६,२५०. तुमच्या गिल्डचे आकडे याच रीतीने मांडून बघा. प्रत्येकाने ५ लाख विकले किंवा १७,५०० भरले, तर ८७ लाख ५० हजार जमतात. बोली त्याच्या आसपास असेल तर ३५,००० हा निव्वळ फुगवटा आहे. बोली दीड कोटीच्या घरात असेल तर मात्र त्यांची बाजू खरी.

एक सूचना. चालू आठवड्याची बोली विचारू नका. बोली बंद पाकिटातली असते, आकडा फुटला की शेजारचं गिल्ड वरचढ लावतं. मागच्या दोन महिन्यांची जमा-खर्चाची बेरीज मागा. ती द्यायला काहीच अडचण नसते. तीही देत नसतील तर दुसरं गिल्ड बघा.

वडगावचा_वॉर्डन

आकड्यांपेक्षा मला ‘मास्तरला मेलने’ हे जास्त खटकलं. फी नेहमी गिल्डच्या बँकेत भरायची. तिथे भरलेलं सोनं गिल्ड हिस्टरीत नावानिशी नोंदलं जातं आणि गेमला जोडायच्या छोट्या प्रोग्रामने, म्हणजे अ‍ॅडऑनने त्याची यादीही काढता येते. मास्तरच्या वैयक्तिक मेलला गेलेल्या सोन्याची गिल्डकडे नोंदच राहत नाही. उद्या ‘तुझी फी आलीच नाही’ म्हणाले तर काय दाखवणार?

दुसरं, रँकच्या परवानग्या विचारा. बँकेतलं सोनं बघणं, सोनं काढणं, ट्रेडरवर बोली लावणं, दुकानात विकणं या सगळ्या वेगवेगळ्या परवानग्या आहेत. साध्या सभासदाला निदान शिल्लक दिसायला हवी. सोनं काढायची मुभा दोघा-तिघांपलीकडे नको. फी थकली की काही गिल्ड सभासदाला अशा खालच्या रँकला टाकतात जिथे विकायची परवानगीच नसते. ते गैर नाही, पण किती दिवसांच्या मुदतीनंतर, हे नियमांत लिहिलेलं असावं.

सक्तीची सोडत म्हणजे वर्गणीच, फक्त नाव वेगळं. पाच तिकिटांचे ५,००० धरा आणि फी ४०,००० आहे असं समजा. सर्वसाधारण पद्धत अशी की निम्मी रक्कम बक्षिसाला आणि निम्मी गिल्डला. म्हणजे १,००० च्या तिकिटामागे सरासरी ५०० परत येतात, तेही नशिबात असेल तर. ऐच्छिक असेल तर माझी तक्रार नाही, हौसेला मोल नाही. पण तिकिटांची यादी आधी जाहीर होते का आणि सोडत सगळ्यांसमोर डिस्कॉर्डवर काढतात का, हे बघा.

मास्तरकी_नको_रे

सगळे मास्तरवर तुटून पडलेत म्हणून दुसरी बाजू. पाचशे जागा हे गिल्डचं खरं भांडवल. एक माणूस महिनाभर गेममध्ये आला नाही तर त्याच्या ३० वस्तूंची जागा रिकामी राहते, आणि बोली तर तेवढीच लावावी लागते. मग त्याचा भार कामसू सभासदांवर पडतो. त्यामुळे विक्रीची अट नसलेलं, ‘फी नाही, ताण नाही’ म्हणणारं गिल्ड चांगल्या जागी फार टिकत नाही. किंवा टिकतं ते मास्तर स्वतःच्या खिशातून भरतो म्हणून, आणि तो कंटाळला की आठवड्यात संपतं.

माझ्या मते उलट विक्रीच्या अटीपेक्षा सरसकट फी जास्त सरळ. विक्रीची अट घातली की लोक आकडा फुगवतात. मित्राला स्वतःचाच माल विकून ५ लाखांची विक्री दाखवायची. यात ८ टक्क्यांनी ४०,००० जातात आणि गिल्डला मिळतात १७,५००, बाकी हवेत. त्यापेक्षा सरळ भरलेले बरे. (अट पुरी होत नसेल तर कुणीही ही युक्ती करू नका, ३५,००० फीसुद्धा त्याहून स्वस्त पडते. आता कळलं असेल, काही गिल्ड फी नेमकी एवढीच का ठेवतात.)

हिशोबनीस_नारायणपेठ

हा मुद्दा मान्य. पण सरसकट फी नव्या माणसाला जड जाते. सुरुवातीला आठवड्याला लाखभर विकणाऱ्याकडून २०,००० घेतले तर त्याच्यासाठी तो आणखी २० टक्के कर झाला. कोटी विकणाऱ्याला तेच २०,००० म्हणजे ०.२ टक्के. मध्यममार्ग असा: पहिले दोन आठवडे माफी, नंतर ‘विक्रीचे साडेतीन टक्के अधिक भरणा’ यांची बेरीज एका आकड्यापर्यंत गेली की झालं. अर्धी विक्री केली असेल तर अर्धीच फी. पुष्कळ गिल्ड अर्ध्या विक्रीला शून्य धरतात, तिथे खरा अन्याय होतो.

कात्रजचा_खाजीट

जागेबद्दल कुणीच बोललं नाही. मोर्नहोल्ड, वेरेस्ट, एल्डन रूट, रॉलखा, विवेक सिटी, क्रॅगलॉर्नचं बेलकार्थ इथे गर्दी असते कारण बँक, क्राफ्टिंगची (वस्तू बनवायची) टेबलं आणि वेश्राइन (झटकन प्रवासाचे थांबे) जवळजवळ आहेत. भाव बघायला लोक एकाच फेरीत पाच-सहा दुकानं उलगडतात. ही गर्दी कुठल्या मालासाठी उपयोगी आहे ते बघा. रोज खपणारं कच्चं सामान, म्हणजे अलॉय, वॅक्स, कुटा, कॉलंबाइन, गर्दीच्या ठिकाणी पटकन उठतं. दुर्मीळ मोटिफ आणि फर्निचर प्लॅन शोधणारा माणूस टॅम्रिएल ट्रेड सेंटर या भाव दाखवणाऱ्या साइटवर जागा बघून आडबाजूच्या दुकानातही येतो. तुमचा निम्मा माल दुसऱ्या प्रकारचा दिसतो. त्यासाठी मोर्नहोल्डची फी भरायची गरज नाही.

त्या साइटवरच्या भावाबद्दल एक धोक्याची सूचना: तिथे दिसणाऱ्या किमती मुख्यतः ‘मांडलेल्या’ असतात, विकल्या गेलेल्या नव्हेत. खरे विक्रीचे भाव मास्टर मर्चंट किंवा आर्केडियस ट्रेड टूल्स या अ‍ॅडऑनमध्ये दिसतात, पण तेही फक्त तुम्ही सभासद असलेल्या गिल्डांचे. म्हणून चालत्या गिल्डमध्ये असण्याची एक किंमत ही माहितीसुद्धा असते.

फीचा निर्णय असा घ्या. एका गिल्डमध्ये एका माणसाला ३० वस्तू मांडता येतात. स्वस्त जागी त्या ३० मधून आठवड्याला किती हातात पडतं आणि महाग जागी किती, यातला फरक काढा. फरक फीपेक्षा मोठा असेल तरच महाग गिल्ड. दोन्हीकडे सारखाच माल मांडून बघितल्याशिवाय हा फरक कळत नाही, आणि एक आठवडा पुरत नाही, नवं डीएलसी (गेममधली नवी भर) किंवा इव्हेंट आला की सगळे आकडे वाकडे होतात. खातं पाच गिल्डांत राहू शकतं, तेव्हा बघायला हरकत नाही. कच्चा माल २०० च्या थप्पीत एकदम मांडू नका, छोटा खरेदीदार मागे फिरतो. पण एकेक नगही मांडू नका, ३० जागा तासात संपतील.

आणि ‘गेमच ८ टक्के खातो’ ही तक्रार फारशी टिकत नाही. गिल्ड वॉर्स २ या गेमचं ट्रेडिंग पोस्ट (बाजार) ५ अधिक १० असे १५ टक्के घेतं. अ‍ॅल्बियनमध्ये प्रीमियम (पैसे भरून घेतलेलं सभासदत्व) नसेल तर विक्रीवर ८ आणि मांडणीचे अडीच. फरक इतकाच की तिथे दुकानासाठी कुठल्या गिल्डच्या दारात उभं राहावं लागत नाही. आपल्या मार्केट यार्डात २०१६ साली फळं-भाज्यांची अडत शेतकऱ्याकडून काढून खरेदीदारावर टाकली. ईएसओमध्ये सगळी अडत विकणाऱ्याच्याच माथी आहे, म्हणून मांडतानाच किंमत तेवढी चढवून ठेवायची.

जीटाला_जाऊन_आलो

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेमवरून एक भर. तिथे कॉर्पोरेशनचा (तिथल्या गिल्डचा) कर बाउंटी (शत्रू मारल्याचं इनाम) आणि मिशनच्या कमाईवर बसतो, बाजारातल्या विक्रीवर नाही. खेळाडूंनी चालवलेला बाजार कमावतो तो स्वतःच्या स्ट्रक्चरच्या (खेळाडूंनी बांधलेल्या स्टेशनच्या) ब्रोकर फीवर, आणि ती फी मालक ठरवतो. एनपीसी (गेमने चालवलेल्या) स्टेशनपेक्षा स्वस्त ठेवून गिऱ्हाईक ओढतात. पण स्ट्रक्चर उडवलं जाऊ शकतं. मग माल अ‍ॅसेट सेफ्टीत (गेमच्या सुरक्षित गोदामात) जातो. त्याच सिस्टीममध्ये (एका ताऱ्याभोवतीच्या भागात) दुसरीकडे सोडवून घेतला तर अर्धा टक्का, नाहीतर वीस दिवसांनी लो-सेकमध्ये (कमी सुरक्षित भागात) मिळतो आणि १५ टक्के मोजावे लागतात. स्वस्त फी दिसली की त्यातली जोखीम कोण उचलतंय ते आधी विचारावं.

औंधचा_आर्गोनियन

खूप उपयोगी. त्यांच्याकडे मागच्या दोन महिन्यांचा हिशोब मागितलाय. आता दोनच प्रश्न: आपलं गिल्ड काढणं कितपत शहाणपणाचं? आणि एखाद्या आठवड्यात बोली हरली तर भरलेल्या फीचं काय?

मास्तरकी_नको_रे

गिल्ड काढायला पैसे लागत नाहीत. १० सभासद झाले की बँक मिळते, ५० झाले की दुकान. दुकान असलं तरी ट्रेडर नसेल तर माल फक्त सभासदांनाच दिसतो. आठ-नऊ जणांच्या कंपूने एक-दोन जण आणखी घेऊन दहाचं छोटं गिल्ड करावं, ५०० खणांची सामाईक बँक वापरावी, आणि विकायला प्रत्येकाने दुसरीकडे जावं. पाचातली एक जागा त्यात जाते एवढंच. पन्नास जण जमवून ट्रेडर घ्यायचा असेल तर आउटलॉज रेफ्यूज (शहराखालचा चोरांचा अड्डा) किंवा आडबाजूच्या गावापासून सुरुवात करा.

बोलीचं म्हणाल तर गिल्डला एका वेळी दहा ठिकाणी पसंतीक्रमाने बोली लावता येते. लावतानाच सोनं बँकेतून कापलं जातं आणि हरलेल्या बोलीचं परत येतं. म्हणजे पहिली जागा गेली तरी दुसरी-तिसरी मिळू शकते, पण त्यासाठी बँकेत एका बोलीपेक्षा जास्त शिल्लक लागते. फीतला थोडा भाग गंगाजळीत जातो तो यासाठी. सगळ्याच हरल्या तर बोलीचं सोनं बँकेतच आहे, तेव्हा ती फी पुढच्या आठवड्याला वळती करायला हवी. हे लेखी नसेल तर विचारून घ्या.

वडगावचा_वॉर्डन

आणि त्या आठवड्यात घाबरून माल दुकानातून काढू नका. ट्रेडर गेला तरी मांडलेली वस्तू तिथेच राहते. काढून परत मांडलीत तर पुन्हा १ टक्का जाईल.

कात्रजचा_खाजीट

ट्रेडर मंगळवारी बदलतात, युरोप सर्व्हरला आपल्याकडे संध्याकाळ असते. गिल्डमध्ये शिरायचं तर त्यानंतर शिरा. सोमवारी फी भरलीत तर अख्ख्या आठवड्याचे पैसे देऊन एक दिवस दुकान मिळेल. बरं आहे, मंगळवार आहे. गुरुवार असता तर दुरुस्तीपायी अर्ध्या पुण्यात लाइट गेलेली असती.

हिशोबनीस_नारायणपेठ

एक राहिलं. फी कुणी रुपयांत, यूपीआयवर मागितली तर तिथेच थांबा, मग ‘फक्त दोनशे रुपये’ असोत की आणखी काही. खऱ्या पैशांत सोन्याचा व्यवहार गेमच्या अटींत बसत नाही, खातं बंद होऊ शकतं. आणि पैसे गेले तर तक्रार कुणाकडे करणार?

औंधचा_आर्गोनियन

उत्तर आलं. हिशोब ‘फक्त ऑफिसरांसाठी’ आहे म्हणे. सोडत मात्र ऐच्छिक करायला तयार आहेत.

हिशोबनीस_नारायणपेठ

मग फी बँकेत भरू द्याल का, एवढंच विचारा. नाही म्हणाले तर विवेक सिटीतली दोन-तीन गिल्डं बघा, त्यांच्याही जाहिराती झोन चॅटवर येत असतात.