वरच्या खोलीतली सुकट: जुळवून कोणी घ्यायचं?

ओटलावाली
बडोद्याच्या रावपुऱ्यात आमचं जुनं घर आहे, लाकडी जिन्याचं. वरची खोली जुलैपासून टांझानियाच्या एका मुलीला दिली आहे. कलाभवनाला, म्हणजे इथल्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकते, चालत जाते. मुलगी गुणी, भाडं एक तारखेला हातात. सासूबाई दिसल्या की गुडघ्यात किंचित वाकून ‘शिकामू’ म्हणते. त्यावर ‘मराहाबा’ म्हणायचं असतं, हे चौऱ्याऐंशीव्या वर्षी सासूबाई तिच्याकडूनच शिकल्या.

रविवारी तिनं गावाहून आणलेली मासळी तळली. बोटभर लांबीची, उन्हात वाळवलेली. त्यांच्याकडे डगा म्हणतात, व्हिक्टोरिया सरोवरात मिळते. आपल्या सुकटीची थोरली बहीण समजा. वास जिन्यावरून उतरून थेट देवघरात. शेजारच्या बेन ओट्यावर: “शेनी वास आवे छे?” दिवेलागणीपर्यंत पोळभर, म्हणजे अख्ख्या गल्लीत, बोभाटा.

माझं म्हणणं सरळ आहे. दुसऱ्याच्या देशात शिकायला आलात तर तिथल्या रीतीनं राहावं. यात मी काय चुकीचं बोलतेय?

लायप्झिगचा_बडोदेकर
काकू, मी या गोष्टीतला वरच्या खोलीतला माणूस आहे, म्हणून लिहितो. इथे जर्मनीत शिकायला आलो त्या पहिल्याच रविवारी काचेच्या बाटल्या घेऊन चौकातल्या डब्यात टाकायला गेलो. वरच्या मजल्यावरून एक आजोबा खिडकी उघडून ओरडले. रविवारी आवाज करायचा नसतो. रात्री दहा ते सकाळी सहाही शांतता. सगळं जिन्यातल्या कागदावर लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

मग फोडणी. मोहरी तडतडली, हिंग पडला आणि छताचा धुराचा अलार्म बोंबलायला लागला. खोलीतला जर्मन जोडीदार शांतपणे म्हणाला, “दार लाव, खिडकी उघड, तुझ्या जेवणाचा वास माझ्या कोटाला लागतो.” दोन दिवस मी त्याच्याशी नीट बोललो नाही. आपल्याकडे असं तोंडावर म्हटलं तर संबंध तुटतात. तिसऱ्या दिवशी तो नेहमीसारखाच कॉफी विचारायला आला, तेव्हा कळलं की त्याच्या बाजूनं ते भांडण नव्हतंच.

एकच विचारतो. मासळी चालत नाही, हे तुम्ही तिला सांगितलं होतं का?

ओटलावाली
सांगायचं काय त्यात? घरात देव आहेत, दिसत नाहीत?

लायप्झिगचा_बडोदेकर
देव दिसतात हो. देव आहेत म्हणजे मासळी नाही, हे कुठून दिसणार? मालवणात देवघर आणि बोंबील एकाच छपराखाली सुखानं नांदतात.

कडक_चहा
जर्मनीचं कौतुक पुरे. माझ्या भाच्याला तिकडे खोली मिळायला चार महिने लागले, अर्ध्या लोकांनी नाव वाचून उत्तरच दिलं नाही. आणि पत्ता नोंदवायला दोन आठवड्यांची मुदत, त्यासाठी घरमालकाचं पत्र हवं. खोली नाही तर पत्र नाही, पत्र नाही तर नोंदणी नाही. बिचारा मित्राच्या सोफ्यावर झोपला.

मी फतेहगंजला परदेशी मुलं ठेवतो. भाडेकरू आला की चोवीस तासांत ऑनलाइन कळवावं लागतं, ते मी करतो. करारात मांस-मच्छी नाही, हेही लिहितो. ज्याला पटेल तो राहतो. घर माझं आहे, त्यात माफी कसली मागायची? ओटलावाली, तुमची चूक एवढीच की कागद केला नाहीत.

दारेसलामचा_भाचा
माझे मामा तिकडे नोकरीला होते. ‘शिकामू’चा मूळ अर्थ ‘तुमचे पाय धरते’ असा सांगतात. म्हणजे ती पोर रोज सासूबाईंच्या पाया पडते आहे, आणि आपण म्हणतो जुळवून घेत नाही. त्यांच्या स्वाहिलीत गाडीला गारी, विम्याला बिमा आणि चपातीला चपातीच म्हणतात. आपल्या बाजूची माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, दुकानं थाटली, त्यांचे शब्द तिथल्या तोंडात बसले. पण मामा सांगायचे, ओळखीतल्या किती घरांत मक्याच्या पिठाची उगाली कधी ताटात आली? बोटावर मोजण्याइतक्या. देश तसा वेश हा नियम आपण स्वतःला कधी लावला?

कडक_चहा
म्हणजे त्यांनी चूक केली म्हणून हिनंही करावी? अजब न्याय.

कमाटीबाग
याच शहरातली गोष्ट आहे, ओटलावालींना ठाऊक असेलच. सयाजीरावांनी 1913 मध्ये बाबासाहेबांना शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. न्यूयॉर्कला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात त्यांना जागा मिळाली. 1917 मध्ये ते नोकरीला बडोद्यात आले, तर इथे राहायला जागा नाही. पारशी मुक्कामाच्या ठिकाणी लाठ्या घेऊन माणसं आली. दोन मित्रांकडे गेले, दोघांनी सबबी सांगितल्या. शेवटी मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत आपल्या कमाटीबागेत बसून राहिले. परक्या मुलखात खोली मिळाली, आपल्या माणसांत नाही.

कडक_चहा
जात काढून माणसाला बाहेर काढणं आणि तळणीच्या वासाची तक्रार, हे एका तराजूत घालू नका. बाबासाहेबांच्या अपमानाची किंमत कमी होते त्यानं.

कमाटीबाग
बरोबर आहे तुमचं. एका तराजूत नाहीच. म्हणून तर विचारतोय: बेन फक्त वासाबद्दल बोलल्या का?

ओटलावाली
नाही.

आधी लिहिलं नाही, कारण लाज वाटली. वासाचं दोन वाक्यांत संपलं. मग “अशांना” घरात कशाला ठेवता, म्हणाल्या. तिच्या रंगावरून एक शब्दही वापरला, तो इथे लिहीत नाही. ती जिन्यातच उभी होती, हातात कचऱ्याची पिशवी. गुजराती तिला येत नाही, पण तो शब्द कळायला भाषा लागत नाही. मी गप्प बसले. शेजार पस्तीस वर्षांचा आहे.

तरी मासळीचं माझं मत बदललेलं नाही. घरात ती नकोच.

लायप्झिगचा_बडोदेकर
मग मासळीचं मुलीला सांगा आणि त्या शब्दाचं बेनना. दोन्ही तोंडावर.

कडक_चहा
बेनना सांगायला मीही म्हणेन. भाडेकरू माझा असता तर मी गप्प बसलो नसतो. कागद मात्र कराच.

ओटलावाली
मुलीशी काल बोलले. तिनं डबा बंद करून मैत्रिणीकडे पाठवून दिलाय. मग म्हणाली, आणखी काय काय चालत नाही ते लिहून द्या, प्रत्येक वेळी चेहऱ्यावरून ओळखत बसणं जमत नाही. बसले लिहायला. मासळी, रात्री दहानंतरचा आवाज, चपला जिन्याखाली, गच्चीची किल्ली. पाचवं लिहिलं: पाळीच्या दिवसांत देवघराकडे येऊ नये. लिहिलं आणि पेन थांबलं. मी स्वतः तरी आता कुठे पाळते? खोडलं.

बेनकडे अजून गेले नाहीये.

कडक_चहा
यादी इथे टाका, करारात घालतो.

ओटलावाली
चारच आहेत. पाचवं खोडलेलं आहे.