जुन्या डेस्कटॉपसाठी हलके लिनक्स सुचवा, लवकर हवे आहे

डिचोलीकर: वडिलांचा जुना डेस्कटॉप अतिशय मंदावला आहे. बटण दाबून अंगणाची झाडलोट उरकून यावे, तरी पडदा काळाच असतो. त्यावर विंडोज ७ आहे. आता लिनक्स घालायचे ठरले आहे, तेव्हा कोणते घालावे तेवढेच सांगावे. नवा संगणक घेण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

फोंड्याचा वाटसरू: प्रोसेसर कोणता, रॅम किती आणि संगणकावर काम काय होते, हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

डिचोलीकर: कोअर टू ड्युओ, रॅम २ जीबी. विंडोज ३२ बिटचे आहे, म्हणजे लिनक्सही ३२ बिटचेच लागेल ना?

पपीभक्त: पपी लिनक्स घाला. ते पूर्णपणे रॅममधून चालते आणि जुन्या हार्ड डिस्कवर विसंबून राहत नाही. माझ्याकडच्या याहून जुन्या यंत्रावर ते आजही चालते.

फोंड्याचा वाटसरू: आधी एक गैरसमज दूर करतो. विंडोज ३२ बिटचे असले म्हणून प्रोसेसर तसा ठरत नाही. कोअर टू ड्युओ ६४ बिटचा आहे. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले. तुम्हाला लुबुंटू किंवा एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेले लिनक्स मिंट चालेल. पपीत वापरकर्ता मुळात रूट म्हणूनच, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यातूनच वावरतो. वडिलधाऱ्यांच्या हाती तसे यंत्र देणे मला पटत नाही.

पपीभक्त: घरातल्या एकट्या माणसाच्या यंत्रावर रूटचा एवढा बाऊ कशाला? २ जीबी ही मिंटची किमान मर्यादा आहे. ब्राउझरची चार पाने उघडलीत की कळेल.

फोंड्याचा वाटसरू: ती पाने पपीतही तेवढीच मेमरी खातील. म्हणून रॅम ४ जीबी करावी आणि जमल्यास हार्ड डिस्कऐवजी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवावी. वेगातला खरा फरक डिस्कने पडतो.

हिशेबनीस: विंडोजचे हिशेबाचे सॉफ्टवेअर लिनक्सवर वाइन या प्रोग्रॅममधून कसे चालवावे, ते मी सविस्तर लिहू शकतो.

डिचोलीकर: हिशेबाचा इथे काही संबंध नाही. वडील जत्रेच्या नाटकांच्या संहिता टंकतात आणि तालमी दिवाळीनंतर सुरू होतात. फाइल साध्या वर्डच्या आहेत, त्यामुळे अडचण नसावी.

साखळीची लेखनिक: अडचण नेमकी तिथेच आहे! संहिता युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्या चालणाऱ्या लिपी-संकेतात आहेत, की रोमन अक्षरांवर मराठी आकार चढवणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये? जुना फॉन्ट असेल, तर लिनक्सवर वर्डच्या जागी असणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये फाइल उघडेल, पण मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. विंडोज पुसण्याआधी संहितांबरोबर फॉन्टच्या टीटीएफ फाइलही पेन ड्राइव्हवर घ्या आणि लिनक्समध्ये होम फोल्डरातल्या फॉन्टच्या फोल्डरात ठेवा. आमच्या मंडळाची एक संहिता अशीच अडकली होती आणि तो फॉन्ट शोधण्यात आठवडा गेला होता. नवे लेखन मात्र युनिकोडमध्येच करावे. वडिलांना टाइपरायटरची सवय असल्यास आयबस या लिनक्सच्या टंकन-साधनातल्या एम१७एन कळफलक-संचातून हिंदीचा रेमिंग्टन कळफलक घ्यावा. 'ळ' कुठल्या कळीवर आहे, ते त्यांना आधी दाखवा, नाहीतर पहिल्याच पानावर ते चिडतील.

डिचोलीकर: फॉन्ट जुनाच निघाला, विचारलेत ते बरे झाले. काल पेन ड्राइव्हवरून लुबुंटू नुसते चालवून पाहिले. फॉन्ट घातल्यावर १९९८ सालची संहिता जशीच्या तशी उघडली. पण ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळावर प्रमाणपत्राची चूक दाखवतो. वितरण, म्हणजे लिनक्सचा प्रकारच, बदलू का?

फोंड्याचा वाटसरू: घड्याळ कोणती तारीख दाखवते?

डिचोलीकर: १ जानेवारी २००९.

फोंड्याचा वाटसरू: घड्याळ मागे गेल्यामुळेच ब्राउझरला प्रमाणपत्रे चुकीची वाटतात. मग वितरण बदलू नका, घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. पेटी उघडलीच आहे तर रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे संपर्क खोडरबराने पुसा. आपल्याकडच्या दमट हवेत ते काळे पडतात.